साहेब म्हणाले, हे लिहू नका

पुराला परवा तीस वर्षं झाली. त्यानिमित्त साहेबांनी फेसबुकवर लिहिलं, ‘मी तेव्हाच धरणाचे दरवाजे उघडायला सांगितले होते. तिथल्या अभियंत्याने ऐकले नाही. गेलेल्या जिवांना आदरांजली.’ खाली हात जोडल्याची चित्रं, हजारोंनी.

तो अभियंता माझा दादा. निलंबित झाल्यावर अकरा वर्षं त्याने भर दिवसासुद्धा खिडकीचा पडदा सरकवला नाही. तसाच गेला.

साहेब तेव्हा मंत्री होते आणि मी त्यांची स्टेनो. आमच्या शॉर्टहँडच्या बाईंनी हाताला एकच वळण लावलं होतं: समोरच्याचं तोंड मिटेपर्यंत पेन्सिल थांबवायची नाही. त्या सकाळी साहेब मला पत्र सांगत होते. मध्येच धरणावरून फोन आला. ते फोनवर बोलत राहिले, माझी पेन्सिल चालत राहिली. खुर्ची, पंखा, स्टेनो, साहेबांच्या लेखी सगळं सारखंच. दुपारी सगळं पाणी एकदम सुटलं आणि खालची वस्ती वाहून गेली.

ती वही कचेरीत जमा न करता मी घरी आणली. दादा म्हणाला, “माझी नोकरी गेली, आता तुझी घालवू नकोस. घर कसं चालायचं?” मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा रागही मी साहेबांसाठीच राखून ठेवला.

वरच्या मजल्यावरची मुलगी वर्तमानपत्रात पुढाऱ्यांच्या पोस्ट तपासते. कोणती खरी, कोणती खोटी, कोणती लिहायला लाज वाटायला हवी होती, असा निवाडा छापते. तिच्यापुढे वही ठेवली. पानापानावर कचेरीचा तारखेचा शिक्का.

“आजी, या रेघोट्या मला काय कळणार?”

“मी वाचते ना.”

“तुम्ही त्यांच्या बहीण. तुमचं वाचणं धरता येणार नाही.”

चिडले मी, पण पोरगी बरोबर होती.

बाईंच्या वर्गातलं शॉर्टहँड वाचणारी आता एकच उरली होती, कचेरीतली दुसरी स्टेनो, जिला सगळे टिपटॉप म्हणायचे. साहेबांची लाडकी. माझी बढती हिनेच पटकावली, तेव्हापासून आमचा अबोला.

“जिवंत आहेस अजून?” टिपटॉपने दार उघडलं.

“तुला पोचवल्याशिवाय कशी जाऊ?”

मुलीने नुसतं पान पुढे केलं. कोण, कधी, काही सांगितलं नाही. टिपटॉपने चष्मा पुसला आणि अडखळत वाचलं, “दरवाजे बंदच ठेवा. खाली माझी सभा आहे. भाषण संपेपर्यंत एक थेंब यायला नको. मग सोडा काय सोडायचं ते. बाई, हे लिहू नका.”

ती थांबली. “साहेबच हे. सारखं आपलं ‘हे लिहू नका’. आणि ही बया तेसुद्धा लिहायची!” मग वही मिटून हळूच म्हणाली, “दादांचं ना गं हे?”

मी मान हलवली. अबोला तिथेच संपला.

शुक्रवारी छापून आलं: ‘विधान खोटे. शिवाय आपली चूक मेलेल्या माणसाच्या माथी मारणारे.’ मी ते चारदा वाचलं. पोट भरलं नाही.

दहा वाजता फोन वाजला.

“बाई, ओळखलंत का आवाज? अहो, झालं गेलं ते झालं. वही खोटी होती, एवढंच म्हणा. तुम्हाला काय हवं ते बघतो मी. हे आपल्या दोघांतच हं.”

मी फोन खांद्याने कानाशी दाबला, कोरी वही उघडली, वर तारीख घातली.

“सावकाश सांगा साहेब,” मी म्हटलं, “हात आता पूर्वीसारखा चालत नाही.”