पंधरा वॅटचा झोपाळू

कान तपासायच्या खोलीतून आत्या "शांतता!" असं ओरडली की अख्ख्या दवाखान्याचं काम थांबायचं. खोलीच्या भिंतीला लागून कपाट होतं, कपाटात सर्व्हर आणि सर्व्हरला दोन पंखे. त्यांची घरघर भिंतीतून आत यायची आणि पेशंटना बारीक आवाज ऐकू येईनासे व्हायचे. म्हणून आत्या प्रत्येक तपासणीआधी सर्व्हर बंद करायची. मग काउंटरवरच्या ताईंना वेळा देता येत नसत, मोठ्या डॉक्टरांसमोर फायली उघडत नसत आणि सगळे एकमेकांची तोंडं बघत बसत.

शेवटी मोठे डॉक्टर वैतागले. "सोमवारपर्यंत काहीतरी करा, नाहीतर तुमची खोली मागच्या गोदामात हलवतो."

वीस वर्षं जपलेली खोली! आत्याचा चेहराच उतरला. तिची भाची नुकतीच भौतिकशास्त्र शिकून बाहेर पडली होती. ती म्हणाली, "सोपं आहे गं आत्या. कमी वीज खाणारा प्रोसेसर घ्यायचा. वीज कमी तर उष्णता कमी, मग पंखा हवाच कशाला?"

दुकानातून तिने दोन छोटे सर्व्हर चाचणीसाठी मागून आणले. एकाचा प्रोसेसर सहा वॅटचा, बिनपंख्याचा. दुसऱ्याचा पंधरा वॅटचा, एक पिटुकला पंखा असलेला. "सहा की पंधरा, हा काय प्रश्न झाला?" म्हणत तिने शुक्रवारी सहावाला कपाटात बसवला.

अकराच्या सुमारास ताईंनी हाक मारली. "अगं ए, हे पेशंटचं नाव टाकलंय मी. फाइल उघडेपर्यंत बिचारा म्हातारा व्हायचा!"

कपाट उघडलं तर डबा चटका बसेल इतका तापलेला.

"शास्त्रज्ञबाई," आत्या म्हणाली, "आवाज नाही हे खरं. पण कामही नाही."

भाची हिरमुसली, पण घटकाभरच. मग तिने सर्व्हर आणि प्लग यांच्यामध्ये वीज मोजायचा मीटर लावला आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत बसली. कानाच्या एकेका स्कॅनशी सहावाला दीड मिनिट झुंजायचा, तोवर पुढचे चार रांगेत उभे. मीटरवर अख्ख्या डब्याचे मिळून अकरा वॅट, ते संध्याकाळपर्यंत खाली आलेच नाहीत.

शनिवारी तिने धाकधुकीतच पंधरावाला लावला. स्कॅन आला, आकडा उडी मारून अठ्ठावीसवर गेला आणि ती तो लिहून काढेपर्यंत पाचवर येऊन बसला. दिवसाची सरासरी निघाली सात. पंखा एकदाही फिरला नाही.

"म्हणजे हा आळशी?" आत्याने विचारलं.

"आळशी नाही गं. भराभर काम उरकून झोपणारा. खोक्यावरचा आकडा भरपूर काम असतानाचा असतो. दिवसभरात किती वीज जाणार, हे त्यावरून कळत नाही. मी तो नुसता वाचला, मोजलं काहीच नाही."

"मग पहिला तुझ्या काकांसारखा. एक कप विसळायला घेतला की दिवस मावळतो."

सोमवारी मोठे डॉक्टर खोलीत येऊन खुर्चीत बसले. आत्याने दार लावलं. ते म्हणाले, "सर्व्हर बंद केलात ना? काहीच ऐकू येत नाही मला."

"चालू आहे. ताई बाहेर वेळा देतायत. पण तुमच्या कानांवर नको विसंबायला, यंत्र काय म्हणतं ते बघू."

भाचीने सर्व्हर अर्धा मिनिट बंद केला, पुन्हा चालू केला. आवाज मोजायच्या यंत्रावरचा आकडा जागचा हलला नाही.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "खोली इथेच राहू दे." ते उठायला लागले, तर आत्याने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले.

"आलाच आहात तर तपासूनच जा. आवाज आला की बोट वर करायचं."

बाहेर ताईंनी त्यांच्या नावाची फाइल उघडली. ती क्षणात उघडली. आत आत्या एकेक बटण दाबत गेली. डॉक्टरांचं बोट गुडघ्यावरच.

"डॉक्टर, बोट!" आत्या त्यांच्या खांद्यावर थोपटत म्हणाली.

हेडफोन सरकवून ते म्हणाले, "अहो, आवाज आला की करतो ना वर!"

"तीन येऊन गेले."