छपराखालचं तळं

थोरलं तळं मी पहिल्यांदा शोधलं ते पडद्यावर, आणि तिथे ते नव्हतं.

माझं काम आकडे जुळवण्याचं. देशातल्या हवेची, पाण्याची, जंगलांची जी आकडेवारी दरवर्षी दिल्लीहून एकत्र निघते, तिच्यातला आमच्या जिल्ह्याच्या पाण्याचा भाग ठाण्यात माझ्या टेबलावरून पुढे जातो. एकाच तळ्याला चार खाती चार तऱ्हांनी ओळखतात. कुणाकडे गट नंबर, कुणाकडे संकेतांक, कुणाकडे नुसतं गावाचं नाव. ही चारही तळी म्हणजे एकच तळं हे ठरवायचं आणि एकच आकडा वर पाठवायचा. पर्यावरणशास्त्र शिकताना वाटलं होतं, गुडघाभर चिखलात उभी राहून नमुने घेईन. अजून माझे बूट कोरडेच होते.

राहनाळच्या पुढच्या एका गावातलं थोरलं तळं तीन खात्यांकडे होतं. जमिनीच्या नोंदीत त्याचं क्षेत्रफळ होतं. पाटबंधाऱ्यांच्या मोजणीत ‘वापरात’ असा शेरा होता. पाणी तपासणाऱ्या खात्याकडे तर दर तिमाहीचे निकाल होते. चौथं होतं उपग्रहाचं चित्र. त्यात एक निळं छप्पर दिसत होतं आणि छपराच्या कडेला रांगेने लावलेले ट्रेलर.

“तीन जुळतात ना? मग चौथं चूक धरायचं,” आमच्या प्रमुख विद्युल्लता मॅडम म्हणाल्या. “हा नियम मी केलेला नाही. मी आले तेव्हा होता, मी जाईन तेव्हाही असेल.”

“मॅडम, पण छप्पर स्पष्ट दिसतंय.”

“उपग्रहाला काहीही दिसतं. तुला काय, त्याच्यावर विश्वास आणि आपल्या माणसांवर नाही?”

पहिल्या दोन खात्यांचं कोडं लगेच सुटलं. दोघांनी एकमेकांवरून उतरवून घेतलं होतं. क्षेत्रफळातली चूकसुद्धा दोन्हीकडे तीच होती. पण पाण्याचा निकाल उतरवता येत नाही. बाटलीत पाणी लागतं, आणि ते कुठून तरी आणावं लागतं.

मी पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा आलेख काढून बघितला. सुरुवातीची काही वर्षं रेघ खाली खाली आली होती, जवळजवळ मेलेल्या पाण्याइतकी. मग एकदम वर उठून लिटरला साडेसहा मिलिग्रॅमवर थांबली होती. त्यानंतर ती हललीच नव्हती. जिवंत तळ्याचा ऑक्सिजन उन्हाळ्यात उतरतो, पावसात चढतो, सकाळी एक असतो आणि दुपारी दुसरा. ही रेघ वैशाखात आणि श्रावणात सारखीच होती. पाणी इतक्या शिस्तीत वागत नाही.

नमुने आणणाऱ्या प्रयोगशाळेच्या माणसाला, भाविकला, मी फोन लावला.

“तळं आहे ना मॅडम. गोदामात आहे.”

“गोदामात तळं?”

“किंवा तळ्यात गोदाम. तुम्हाला जसं लिहायचं तसं लिहा.” तो हसला. “गोदामाचे मालक केसरीनाथशेठ स्वतः पाणी काढून देतात. चहा पाजतात. अख्ख्या जिल्ह्यात मला चहा विचारणारं हे एकच तळं.” मग त्याचा आवाज खाली आला. “एक सांगू? तिथे गेलात आणि त्यांनी ऑक्सिजन विचारला, तर जरा चांगला सांगा. मागे कमी आला होता तेव्हा शेठ दोन दिवस जेवले नव्हते म्हणे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑक्सिजन मोजायचा मीटर घेऊन अंजूरफाट्याहून रिक्षा केली.

गोदामाच्या फाटकाशी एक बाई माझी वाट बघत उभी होती. साठीच्या आसपासची. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, हातात हिरवा चुडा. मी उतरताच तिने माझं मनगट धरलं.

“तूच ना ती? तलं कागदातून काढनारी?”

“मी फक्त बघायला आलेय, काकू. आहे की नाही ते.”

“न्हाय. मी सांगतंय ना, न्हाय. तू तेवरं लिव आन् जा.” तिने मागे वळून बघितलं. “मी राहीबाई. शेठची बायको. भाविकनी फोनवर सांगलाय आमाला तू येनार म्हनून. त्यो तुला चा पाजंल, ग्वाड बोलंल. त्याचं आयकू नको.”

फाटकाच्या भिंतीला टेकून तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्यांची मुलगी दिशा बारावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत या तळ्यात बुडाली. कमळाचे देठ काढायला उतरली होती. पोहता येत होतं. बोटी आल्या, पाणबुडे आले, गळ टाकले. ती मिळाली नाही. केसरीनाथने तळं उपसायला पंप लावले, पण पाणी जेवढं उपसावं तेवढं झऱ्यातून परत भरत होतं. महिन्याभराने त्याने पंप काढले आणि भरावाचे डंपर बोलावले. ‘ती बाहेर येनार न्हाय तं दुसरा कोनीबी आत जानार न्हाय,’ असं म्हणाला. वर गोदाम उभं राहिलं.

“मंग हा भाविक आला यक दिस बाटली घेऊन. बोलला, सरकारात तुमचं तलं हाय, पानी द्या. त्या दिसापासून ह्याच्या डोक्यात बसलंय. बोलतो, सरकारात तलं जितं हाय. मंग पोर मेली कशी बोलायची?” तिची पकड घट्ट झाली. “दहावा केला न्हाय आमी तिचा. बारा वरसं जाली. फोटोला हार घालू देत न्हाय. तिची खोली रोज झारतो. सगल्या गावासमोर बोललाय, सरकार तलं न्हाय बोलंल त्या दिवशी करीन. मंग तू बोल की. पोर लटकून ऱ्हायलीय माजी.”

मी म्हटलं, “आधी मोजते.”

आत खोक्यांच्या भिंती छपरापर्यंत गेल्या होत्या. फोर्कलिफ्ट इकडून तिकडे पळत होते, कुठेतरी मोबाइलवर गाणं चाललं होतं. मागच्या कोपऱ्याकडे जाताना मात्र आवाज विरळ झाले. तिथे जमिनीवर पिवळा पट्टा ओढलेला होता आणि पट्ट्याच्या आत एकही खोकं नव्हतं. फरशीवर ओल होती. बरोबर आलेला वॉचमन पट्ट्याच्या अलीकडेच थांबला.

“इसके अंदर हम लोग पाँव नहीं रखते, मैडम. माल भी नहीं रखते. कितनी बार लादी डाली, हर बार बैठ जाती है.”

मी फोनवरचा जुना नकाशा उघडला. पिवळा पट्टा जिथे होता, तिथे नकाशात तळ्याचा सगळ्यात खोल भाग होता. झरे तिथेच असणार, भराव तिथेच खचणार. हे कळायला भुताची गरज नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तरी पट्ट्यावरून पाय उचलून आत टाकताना मी क्षणभर अडखळले.

केसरीनाथ एका लोखंडी झाकणाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. पांढरा शर्ट, बोटात जाड अंगठी, पायात काही नाही. चपला पट्ट्याबाहेर नीट जोडून ठेवल्या होत्या.

“या म्याडम. चा सांगू?”

“नंतर, काका. आधी पाणी बघते.”

त्याने झाकण सरकवलं. खाली काळं पाणी होतं. सडक्या पानांचा वास आला. आणि पाण्यावर सतत, बारीक बारीक, बुडबुडे येत होते.

मी झाकणापासून एक पाऊल मागे सरले. मग खांबामागून येणारा बारीक गुरगुराट ऐकू आला, आणि खांबाला टेकून जाणारी निळी नळी दिसली. झाकणाच्या खाचेतून ती पाण्यात उतरली होती.

“हा पंप आहे? हवेचा?”

“जिताऱ्याच्या तल्याला लावतो ना आमी, त्योच.” तो साधेपणाने म्हणाला. “खाडीला आमची मासल्यांची तली हायेत. भाविक बोलला, ऑक्सिजन कमी जाला, यात जीव ऱ्हात न्हाय. जितारा मराया लागला का आमी काय करतो? हवा सोरतो. तसंच केलं. लाइट गेली तं जनरेटर हाय. यक मिनिट बंद परला न्हाय.”

माझ्या आलेखातली सपाट रेघ अशी माझ्या पायाशी गुरगुरत होती. देशाच्या आकडेवारीत थोरल्या तळ्याच्या पाण्याचा दर्जा ‘उत्तम’ असा छापला गेला होता. या अंधाऱ्या खड्ड्यात एक बाप हवा सोडत होता, आणि ती हवा दिल्लीपर्यंत पोहोचत होती.

मी मीटरची तार पाण्यात सोडली. साडेसहा.

“किती हाय?” त्याने विचारलं. आवाज दवाखान्याच्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाचा.

“साडेसहा. पण हा पंपाचा आकडा आहे, काका. मला पाण्याचा हवाय. पंप बंद करावा लागेल.”

“न्हाय.”

“थोडा वेळ.”

“सांगलं ना न्हाय! तुमचं काम पानी घेनं. घ्या आन् जा.”

“केसरीनाथ.” राहीबाई पट्ट्याबाहेर उभी होती. तिच्या तोंडून स्वतःचं नाव त्याने बहुधा फार वर्षांत ऐकलं नसावं. त्याने दचकून मान वर केली. “बंद कर. पोरगी मोजाया आली ना? मोजू दे.”

“आन् कमी जाला तं?”

“कमी जाला तं जाला.”

तो उठला नाही. राहीबाईने चपला काढल्या, पट्टा ओलांडून आत आली, खांबाकडे गेली आणि तिने बटण खाली केलं.

पंपाचा गुरगुराट थांबला. पलीकडचा फोर्कलिफ्टवालाही थांबून बघू लागला. बुडबुडे हळूहळू कमी झाले. शेवटचे दोन-तीन बराच वेळ काठाला चिकटून राहिले आणि फुटले. पाणी सपाट झालं.

“वाचून दाव,” राहीबाई मला म्हणाली.

घाण पाणी ऑक्सिजन भराभर खातं. इथे ऊन नाही, शेवाळ नाही, नवा ऑक्सिजन कुठून येणार? मला हे ठाऊक होतं. तरी मोठ्याने वाचणं जड जात होतं. “सहा... पाच पॉइंट सात...” आम्ही तिघं जमिनीवर बसलो. कुणीतरी चहा आणून पट्ट्यापलीकडे ठेवला. तो तसाच निवला. आकडा चारावर आला तेव्हा केसरीनाथचा हात बटणाकडे गेला. राहीबाईने तो धरला आणि मांडीवर ठेवला. लहान मुलाचा धरावा तसा.

“तीन,” मी म्हणाले.

“मासा याच्यावर तगतो का?” त्याने विचारलं.

“काही मासे तगतात.”

“दोनावर?”

मासे त्यालाच माझ्यापेक्षा जास्त माहीत होते.

एकाच्या खाली आकडा गेला तेव्हा छपरावरचं ऊन कलायला लागलं होतं आणि पत्रे आकसून कडकड वाजत होते. त्या प्रत्येक आवाजाला तो पाण्याकडे बघत होता. मीही बघत होते. विज्ञान शिकलेली मी, सांगायला हरकत नाही, मीही बघत होते. पाणी हललं नाही. आकडा शून्याच्या जरा वर येऊन थांबला.

“मंग?” राहीबाईने विचारलं.

“हे तळं नाही, काकू. खड्डा आहे, झऱ्याचं पाणी साठलेला. मी तसं लिहिणार आहे. बाकीच्या खात्यांनाही पत्र जाईल. तीन जुळत असले तरी.”

केसरीनाथ हसल्यासारखा आवाज काढून म्हणाला, “इतकी वरसं यकटा भाविक तं येत व्हता बघाया. आता त्योबी येनार न्हाय.”

“आमी हाव ना,” राहीबाई म्हणाली. “चल. दहाव्याचं बघू.”

तो उठून झाकणाशी गेला. मग वाकून झाकणाच्या खाचेतली निळी नळी दोन्ही हातांनी धरली आणि वर ओढायला लागला. ओली, काळ्या गाळाने माखलेली नळी त्याच्या हातांतून सरकत होती. राहीबाईने पलीकडचं टोक घेतलं आणि कोपर आणि पंजाभोवती दोर गुंडाळतात तशी ती गुंडाळू लागली.

तेवढ्यात मी खड्ड्याची खोली मोजली. वजन बांधलेली दोरी माझ्या उंचीच्या जेमतेम दुप्पट गेली आणि तळाला टेकली. मी ते लिहून घेतलं आणि वर बघितलं. राहीबाईच्या हातावर कितीतरी वेढे झाले होते. तिने ते उतरवून जमिनीवर ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

“काका, किती सोडली होती नळी?”

“म्हाइत न्हाय.” तो ओढतच होता. “घेतच गेली ती. मी आपला नलीला नली जोरत गेलो. ती जिथं आसंल तिथवर हवा जाया पायजे ना.”

“जा बाय आता,” राहीबाई पाण्याकडे बघून म्हणाली. “जा, दिशा.”

वॉचमन कधी पट्ट्याच्या आत आला ते मला कळलं नाही. त्याने गुंडाळी उचलून बाजूला ठेवली आणि दुसरीसाठी हात पुढे केले. मी मीटर बंद केला, तार पुसली, डबा मिटला. मग मीही जाऊन नळीला हात लावला. ती बर्फासारखी थंड होती आणि पलीकडून जराशी ओढ होती, गाळाची असणार. आम्ही चौघं ओढत होतो, आणि नळी येतच होती.