नमुन्याच्या खुर्चीची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी फार भित्री आहे. माणूस घाबरून थरथरला तर लोक त्याला पाणी आणून देतात. खुर्ची जराशी थरथरली, की लगेच म्हणतात, "अगं बाई, ही तर डुगडुगते!" आणि तिची रवानगी थेट माळ्यावर, नाहीतर जळणात. म्हणजे घाबरायचं, पण हलायचं नाही. करून बघा एकदा, मग कळेल.

माझा जन्म सुतारकामाच्या एका कारखान्यात झाला. कारखाना कसला, एक लांबट खोली, वर पत्रा, भिंतीवर ओळीनं करवती आणि पायाखाली सदा भुसा. त्याची मालकीण ताई. वडिलांनी तिला लहानपणीच हत्यारं धरायला शिकवलं होतं, आणि ते गेल्यावर तिनं सगळा व्याप अंगावर घेतला. मदतीला तिचा धाकटा भाऊ. त्याला सगळे धाकटाच म्हणत. मिशा फुटल्या, लग्न झालं, तरी बिचारा धाकटाच राहिला.

एके दिवशी तिथे एक मास्तर आले. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलांसाठी अभ्यासिका काढायचं ठरवलं होतं, आणि त्यांना चाळीस खुर्च्या हव्या होत्या. ताई म्हणाली, "आधी एक करून दाखवते. पसंत पडली तर पुढचं बोलू."

ती एक म्हणजे मी. कोपऱ्यात रचून ठेवलेलं, चांगलं वाळलेलं लाकूड ताईनं माझ्यासाठी निवडलं. करवत पहिल्यांदा जवळ आली तेव्हा माझी बोबडी वळली होती. पण ताईचा हात असा, की कापतानाही वाटावं कुणीतरी केस विंचरतंय. एकही खिळा न मारता तिनं माझे सांधे एकमेकांत घट्ट बसवले, घासूनपुसून पॉलिश केलं आणि मला जमिनीवर ठेवलं. मास्तर आले, धपकन बसले, पुढे झाले, मागे रेलले, शेजारच्या भिंतीवरही हात मारून पाहिला, का ते मला आजवर समजलेलं नाही.

"वा!" ते म्हणाले. "जागची हलत नाही! अशाच चाळीस द्या."

मग मला सगळ्यांसमोर उलटं केलं. मला इतकी लाज वाटली! माझ्या बैठकीखाली एक चिठ्ठी डकवली, 'माल या नमुन्याप्रमाणे' असं लिहून त्यावर दोघांनी सह्या केल्या. ताईनं धाकट्याला बजावलं, "ही विकायची नाही. हिच्यावर रंगाचे डबे ठेवायचे नाहीत. उद्या काही वाद झालाच, तर हिलाच पुढे उभं करायचं."

उद्या काही वाद झालाच तर! मला भिंतीवर दोन खुंट्यांना टांगण्यात आलं, करवतींच्या अगदी शेजारी. शेजार असा, की डोळ्याला डोळा लागू नये.

पुढे मास्तरांना घाई झाली. परीक्षांच्या आत अभ्यासिका उघडायची होती, म्हणून त्यांनी खुर्च्या ठरल्याहून लवकर मागितल्या. ताईनं नाही म्हणायला हवं होतं, पण ती हो म्हणाली. वाळलेलं लाकूड पुरेना.

"नवीन आलंय ते घेऊ या ना," धाकटा म्हणाला. "पॉलिश मारल्यावर कुणाला कळतंय?"

"ओलं आहे रे ते."

"वाळेल की मास्तरांकडे!"

ताईनं रिकाम्या होत आलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "घे." मी वरून सगळं बघत होते. ओरडावंसं वाटलं, पण खुर्चीला तोंड कुठे असतं? माझ्या चाळीस बहिणी तयार झाल्या, हुबेहूब माझ्यासारख्या, आणि टेम्पोत बसून गेल्या. धाकटा शीळ घालत भुसा झाडू लागला.

व्हायचं तेच झालं. उन्हाळ्यात ते लाकूड वाळलं, आक्रसलं, आणि सांधे सैल पडले. एका मुलानं पान उलटलं, तरी अख्खी रांग करकरायची म्हणे. मास्तर आले ते लालबुंद होऊन.

"सगळ्या परत घ्या आणि माझे पैसे टाका!"

"मास्तर, पैसे लाकडात गेले, मजुरीत गेले," ताई हळूच म्हणाली. "चाळीसच्या चाळीस परत आल्या तर मला कारखान्याला कुलूप लावावं लागेल."

"त्याला मी काय करू?"

शेवटी दोघांनी व्यापारी संघाच्या वकीलबाईंकडे जायचं ठरवलं. असले तंटे त्या सोडवत, आणि त्या म्हणतील ते दोन्ही बाजू मान्य करत. वकीलबाईंचा निरोप आला की तक्रारीतली एक खुर्ची आणा, आणि नमुना आणा. नमुना म्हणजे मी! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. पण खरी भीती काय असते, ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

ताई बँकेत गेली होती. धाकट्यानं दार लोटून घेतलं, मला खाली उतरवलं आणि उलटं करून बाकावर ठेवलं. मग त्यानं करवत काढली. स्वतःशीच पुटपुटत होता, "माल नमुन्यासारखा हवा ना? मग नमुनाच मालासारखा करू. आहे काय त्यात!"

मित्रांनो, मी पळू शकत नाही. चार पाय असून काय उपयोग? करवतीचे दात माझ्या मागच्या डाव्या पायाला टेकले. धाकट्याच्या कपाळावरून घाम ओघळून माझ्या पायावर पडत होता. "माफ कर गं," तो म्हणाला, "पण कारखाना गेला तर ताई खाईल काय?" खर्र, खर्र, दोनच ओढी. नखाएवढ्या जाडीची चकती खाली पडली. ती त्यानं भुशात ढकलली, पायाच्या तळाला पॉलिश फासलं आणि मला पुन्हा टांगलं. तो दुष्ट नव्हता. माझ्याइतकाच घाबरलेला होता. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात करवत असली की मग काय सांगावं!

ताईला यातलं काही माहीत नव्हतं. ठरल्या दिवशी तिनं मला फडक्यानं पुसलं, टेम्पोत ठेवलं आणि वकीलबाईंच्या खोलीत नेऊन माझ्या एका डुगडुगत्या बहिणीशेजारी उभं केलं. वकीलबाईंचा चष्मा कपाळावर होता आणि त्या तो टेबलावर शोधत होत्या. बोलत मात्र अगदी सावकाश, पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसं.

"नमुना दाखवून सौदा केला, की माल नमुन्यासारखाच द्यावा लागतो. नमुन्यातच एखादा दोष आत लपलेला असेल, बघून कळण्याजोगा नसेल, तर ती जबाबदारीही विकणाऱ्याची. पण जो दोष बघताक्षणी कळतो, तो बघूनही घेणाऱ्यानं नमुना पसंत केला असेल, तर त्याला नंतर ओरडता येत नाही. आता बसून बघू."

आधी त्या माझ्या बहिणीवर बसल्या. करकर, डुग डुग. मग माझ्याकडे वळल्या. मी सगळं बळ एकवटलं, श्वास रोखला, देवाचं नाव घेतलं. पण कापलेला पाय जमिनीला टेकेल कसा? त्या बसल्या आणि मी मागे कलले. डुग. पुन्हा पुढे. डुग.

"हे शक्य नाही!" मास्तर ओरडले. "मी हिच्यावर बसलो होतो. जागची हलत नव्हती!"

"खालची सही तुमचीच ना?"

"माझीच, पण..."

"मास्तर, जे समोर आहे त्यावरच मला बोलायला हवं. नमुना डुगडुगतो, मालही डुगडुगतो. आणि डुगडुगणं काही लपून राहत नाही, बसल्याबरोबर कळतं. मग तक्रार कशाची?"

धाकटा छताकडे बघत होता. ताई मात्र उठली. तिनं मला हलकेच आडवं केलं, चारही पायांच्या तळांवरून अंगठा फिरवला आणि चौथ्या पायाशी थांबली. अंगठ्याला ताज्या पॉलिशचा डाग लागला होता. तिनं भावाकडे पाहिलं. त्याची नजर छतावरून एकदम स्वतःच्या चपलांवर आली.

ताई गप्प राहिली असती तर कारखाना वाचला असता. फक्त गप्प राहायचं होतं, बाकी काही नाही. मी तिच्या जागी असते तर गप्पच राहिले असते. खोटं कशाला बोलू?

"वकीलबाई," ताई म्हणाली, "ही खुर्ची मी अशी केली नव्हती. हिचा पाय नंतर कापलाय. आमच्याच कारखान्यात."

"ताई!" धाकटा ओरडला.

"तू एक अक्षर बोलू नकोस."

वकीलबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "निकाल तुमच्या बाजूनं लागत होता. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय ना!" ताई म्हणाली. "मलाही भीती वाटतेय. पण माझ्या हातची चांगली खुर्ची डुगडुगती ठरवून मी कुठल्या तोंडानं घरी जाऊ?"

मित्रांनो, मी आडवी पडले होते म्हणून बरं. उभी असते तर कोसळलेच असते.

वकीलबाईंनी घाई, ओलं लाकूड, सगळं विचारून घेतलं आणि निकाल दिला. "घाई मास्तरांनी केली, पण तारीख तुम्ही कबूल केलीत. घाई आहे म्हणून ओलं लाकूड वापरायची मुभा मिळत नाही. माल नमुन्यासारखा नाही, तेव्हा सगळ्या खुर्च्या तुम्ही तुमच्या खर्चानं नीट करून द्यायच्या. आणि नमुन्याशी केलेला हा खेळ मी पकडला असता, तर तुमचा एक शब्दही ऐकून घेतला नसता." मग त्या मास्तरांकडे वळल्या. "आणि तुम्ही? करकर पहिल्यांदा ऐकू आली, तेव्हाच का बोलला नाहीत?"

"म्हटलं, परीक्षा होऊन जाऊ देत."

"म्हणजे खुर्च्या ठेवून घेतल्यात, मुलांना बसवलंत, फीसुद्धा घेतलीत. वेळेत सांगितलं असतंत तर सगळ्या परत करता आल्या असत्या. आता तो हक्क गेला. दुरुस्ती मागायचा तेवढा राहिला."

मास्तरांनी खुर्च्या दुरुस्तीला पाठवायचं कबूल केलं.

कारखान्याला कुलूप लागलं नाही, पण दिवस वाईट गेले. नवीन काम घ्यायला उसंत नव्हती, आणि घरात भाजी मोजून होत होती. धाकटा एकेक खुर्ची उकलून सांधे नव्यानं बसवत होता. ताई त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. शेवटची खुर्ची गेली, तेव्हा तिनं मला उचललं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"हिचा पाय तूच नीट कर," ती म्हणाली. आणि चक्क बाहेर निघून गेली!

अगं ताई, मला याच्यापाशी सोडून कुठे चाललीस? मी जीव मुठीत धरला. त्यानं करवत उचलली. पण माझ्याकडे न येता तो वाळलेल्या लाकडाच्या राशीकडे गेला, दोनतीन तुकडे हातात घेऊन टाकून दिले, मग माझ्याच रंगाचा एक निवडला. त्याचं ठिगळ माझ्या पायाला जोडायला त्याला अख्खी दुपार लागली. दर थोड्या वेळानं मला जमिनीवर ठेवायचा, हलवून बघायचा, पुन्हा घासायचा.

ताई चहाचा पेला घेऊन आली. तो घाईघाईनं म्हणाला, "थांब, आधी दाबून बघ." सुतार कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी तिची पाठ हातानं दाबून बघतात, ती त्यांची सवयच असते. ताईनं दाबलं नाही. खाली पाहिलंही नाही. भरल्या पेल्यासकट सगळा भार टाकून माझ्यावर बसली आणि म्हणाली, "तुझा चहा आत आहे. घेऊन ये, गार होईल."

धाकटा आत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही.

मित्रांनो, माझी भीती काही गेलेली नाही. आजही धाकटा करवत घेऊन जवळून गेला की माझ्या अंगावर काटा येतो. तुमच्याकडे माझं मागणं थोडकंच आहे. मागच्या दोन पायांवर झोके घेऊ नका, आमचा जीव जातो. जे दाखवाल तेच द्या, आणि घेताना खोट दिसली तर तिथल्या तिथे बोला. आणि तुम्ही चुकल्यावरही जर कुणी तुमच्यावर असं, दाबून न बघता, सगळा भार टाकून बसलं, तर बाळांनो, कितीही भीती वाटली तरी तेवढा वेळ हलू नका.