दिवाणखान्यातले मेंदूप्रवाळ

चंद्रपूरचा वैशाख. ताम्रवर्ण आकाश, धुरकट क्षितिज, भाजून पांढरे पडलेले अंगण. समुद्र इथून शेकडो कोस दूर. आणि तरीही चंद्रहासच्या दिवाणखान्यात, काचेच्या चार भिंतींआड, निळ्या दिव्याखाली, एक लहानसा समुद्र घुरघुरत होता.

त्या समुद्राच्या तळाशी ते बसलेले असे. मेंदूप्रवाळ. शेवाळी हिरवे, कडांना मांसल तांबडे. घडीवर घडी, वळीवर वळी, कवटीतून नुकत्याच काढून ठेवलेल्या मेंदूसारखे ओलेगच्च. चंद्रहास चिमट्याने कोळंबीचा तुकडा पुढे करी. घड्यांतून पारदर्शक सोंडा वळवळत बाहेर येत, मधले तोंड सावकाश उघडे, तुकडा आत जाई. मग केव्हातरी त्याच तोंडातून करडा, चिकट धागा बाहेर लोंबे.

ते पाहून त्याच्या बायकोला, शर्मिष्ठाला, मळमळून येई. तो मात्र हरखून जाई.

"लिंबाएवढं आणलं होतं, सहा वर्षांत नारळाएवढं झालं," तो पाहुण्यांना सांगे. "पाण्यातला चुना शोषून खाली दगड रचतं, वर मांस पसरतं. पाणी जरा तापलं की संपलं!" मीठ मोजून, चुना थेंबाथेंबाने, गारवा अंशाअंशाने, असे ते त्याने वाढवले होते. जपून, जागून, जीव लावून.

भावाकडे चार दिवस राहून शर्मिष्ठा परतली, ती भर दुपारी. गल्लीतली वीज गेलेली. दिवाणखान्यातला समुद्र तेवढा इन्व्हर्टरवर निळा, नितळ, थंडगार.

आतल्या खोलीत सासूबाई, कौसल्याबाई, अर्धांगवायूने वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. मेजावरचा पंखा थांबलेला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेली, विजेवर फुगणारी हवेची गादी निपचित, चपटी. लुगडे घामाने थबथबलेले. शर्मिष्ठाने त्यांना कुशीवर वळवले. पाठीवर तळहाताएवढी जखम. काळ्या कडांची, पिवळ्या पाण्याने पाझरणारी.

ती बाहेर आली. चंद्रहास काचेशी बसला होता. "दर दोन तासांनी कूस बदला, सांगून गेले होते ना?"

"राहून गेलं गं." त्याने काचेवरून नजर काढली नाही. "इन्व्हर्टरवर एकाच खोलीचं चालतं. आई काढेल दोन तास. हे नाही काढणार."

तिला उबग आला. प्रवाळाचा नव्हे. चंद्रहासच्या बोटांचा. ती ओली, हळुवार, काळजीवाहू बोटे. कोळंबी सोलणारी, काच पुसणारी, आणि चार दिवस आईच्या पाठीपर्यंत न पोचलेली. ही बोटे आपल्या केसांतूनही फिरली आहेत, या आठवणीने तिच्या अंगावर शहारा आला. गोम चढावी तसा.

तिने इन्व्हर्टरच्या लांब वायरीतून त्या समुद्राचा प्लग उपटला.

"अगं, मरेल ते!"

ती वायर ओढत आतल्या खोलीत गेली. पंखा फिरला. गादीने श्वास घेतला.

दिवेलागणीला वीज आली. तोवर तो फ्रीजमधल्या बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडत राहिला होता. पण समुद्र तापला तो तापलाच. दोन दिवसांत मांस दगडावरून सुटू लागले, तपकिरी बुळबुळ होऊन गळू लागले. आणि सडक्या कोळंबीचा, कुजक्या खाऱ्या पाण्याचा दर्प पडद्यांत, उशांत, भातात शिरला. बादली घेऊन पाणी उपसता उपसता चंद्रहास मोरीत जाऊन ओकला.

शर्मिष्ठा आत जखम धूत होती. कापूस पिवळा होई, लाल होई. ती नवा घेई. हात कचरत नव्हता. तिचे तिलाच नवल वाटले.

"शर्मिष्ठा," सासूबाईंनी भिंतीकडे तोंड करूनच, शब्द ओढत ओढत विचारले, "माझाच वास येऊन राहिला का गं?"

"नाही आई. तुमचा नाही. बाहेरचा आहे तो."

म्हातारीचे आक्रसलेले खांदे सैलावले. बाहेर बादली खणखणली, मोरीत पाणी ओतले गेले, पुन्हा ओतले गेले. आत त्या कृश देहाखाली गादीचे कप्पे फुगत होते, ओसरत होते. फुगत होते, ओसरत होते. हलके, संथ, अखंड.