कुंताची आणेवारी

मी एक जुना गोटा आहे. नदीतला. वजन सव्वा शेर, मध्ये आरपार भोक. भोक जन्मतः नव्हतं. सोमाजी ढीवराने दोन दिवस छिन्नीने ठोकून ते पाडलं, त्यात दोरी ओवली आणि मला जाळ्याच्या काठाला बांधलं. जाळं तळाशी बसावं म्हणून असे गोटे लागतात. पाच वर्षं मी प्राणहितेच्या तळाशी इमानाने काम केलं.

मित्रांनो, तेवढंच करत राहिलो असतो तर आज मला कुणाला तोंड दाखवायची लाज वाटली नसती.

सोमाजी आपल्या मुलीचं, कुंताचं, नाव हायस्कुलात घालायला गेला, तेव्हा जाळं त्याच्या खांद्यावर होतं. वारा सुटला होता आणि हेडमास्तरांच्या टेबलावरचे कागद खोलीभर उडत होते. सोमाजीने मला जाळ्यातून सोडवलं आणि कागदांवर ठेवलं. "असू द्या जी इथी," म्हणाला. हेडमास्तर खूश झाले. शाळेत येणाऱ्या प्रत्येक साहेबाला ते मला दाखवत. "शुद्ध स्थानिक वस्तू," असं म्हणत. मी फुगलो. दगडालाही फुगता येतं, हे मला शाळेत कळलं.

आता हेडमास्तरांची एक पद्धत सांगतो. पटवारी बांधावर उभा राहून पिकाकडे बघतो आणि आणेवारी ठरवतो. हे शेत दहा आणे, ते सहा आणे. हेडमास्तरांनी हीच विद्या मुलांना लावली होती. मॅट्रिकचा निकाल लागला की मुलं नागपूरच्या कॉलेजांचे अर्ज भरून देत. ते अर्ज हेडमास्तरांच्या शिफारशीने पुढे जायचे. ते प्रत्येक अर्जावर तांबड्या पेन्सिलीने निवडीची शक्यता आण्यांत लिहीत. आठ आणे किंवा जास्त असेल तर अर्ज पाकिटात. कमी असेल तर माझ्याखाली.

माझ्याखाली गेलेला अर्ज पुन्हा कधी वर आला नाही. मुलांना मात्र सांगितलं जाई की नागपूरहून काही आलं नाही.

ऑफिसच्या भिंतीवर एक काळी पाटी होती. कुंता मॅट्रिक झाली त्या वर्षी तिच्यावर लिहिलं होतं. 'पाठवलेले अर्ज दोन. निवड झाली दोन. यश शंभर टक्के.' साहेब लोक पाटीसमोर उभे राहून मान हलवत. न पाठवलेल्यांचा रकाना तिच्यावर नव्हता. तो रकाना मी होतो.

त्या वर्षी नऊ मुलं पास झाली. कुंता पहिल्या वर्गात पास झाली. सायन्सला जाणार, मग डॉक्टरीण होणार, असं तिने अर्जात स्वच्छ अक्षरात लिहिलं. हेडमास्तरांनी हिशेब मांडला. सोळापैकी गुणांना सहा आणे असत, ते तिला सगळे मिळाले. बाप काय करतो याला चार होते. बाप मासे धरतो, म्हणून शून्य. नागपुरात ओळखीचं कोण, याला तीन. कुणी नाही. इंग्रजी बोलण्याला दोन, त्यातला एक मिळाला. पायात बूट असल्याचा एक आणा होता, तो अर्थातच गेला. एकूण सात. जंगलाच्या ठेकेदाराचा मुलगा तिसऱ्या वर्गात पास झाला होता. त्याला बारा आणे पडले. बूट चांगले होते.

त्या वर्षी माझ्याखाली सात अर्ज आले. सगळ्यात वर कुंताचा.

जुलै निम्मा झाला तेव्हा बापलेक ऑफिसात आले.

"नागपूरचं काही आलं का जी?" सोमाजीने विचारलं.

"नाही रे सोमाजी. तिथे फार गर्दी असते."

सोमाजीची नजर माझ्याकडे गेली. "अरे, हा तं माह्या जाळ्याचा गोटा. अजून आहे म्हणा इथी." त्याने मला कौतुकाने उचललं.

कुंताने खाली बघितलं. "बापू, हा माहा फारम आहे."

तिने तो हातात घेऊन पुरता वाचला. "सात आणे म्हंजे काय जी, सर?"

"निवडीची शक्यता," हेडमास्तर म्हणाले. "तुझ्या भल्यासाठीच ठेवला. नकार आला असता तर तुला किती वाईट वाटलं असतं."

"नाई म्हणाचं होतं तं त्यायनं म्हटलं असतं. तुमी काऊन म्हटलं?"

हेडमास्तर पाटीकडे बघू लागले.

"जी," सोमाजी म्हणाला, "जाळं टाकाच्या आंधीच मासा नाई म्हणते, असा ढीवर मी अजून पाह्यलो नाई. सही करा. आमी बसतो."

ते जमिनीवर बसले. दोन तासांच्या घंटा झाल्या. शेवटी हेडमास्तरांनी सही केली. तारीख मात्र मागची टाकली.

सोमाजीने मला पिशवीत घातलं. डोंग्याने नदी ओलांडून, मोटारीने बल्लारपूर आणि तिथून रेल्वेने आम्ही नागपूर गाठलं. कॉलेजातला कारकून म्हणाला, मुदत संपली. मग रजिस्टर चाळून म्हणाला, एक जागा रिकामी आहे खरी. बारा आण्यांचा मुलगा पाचव्या दिवशी घर आठवतं म्हणून परत गेला होता.

"थो आमच्याच गावचा," सोमाजी म्हणाला. "म्हंजे जागा आमच्या गावचीच झाली नं जी."

प्राचार्यांनी गुण बघितले. "एवढे गुण असताना अर्ज इतके दिवस कुठे होता?"

सोमाजीने मला पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. "याच्याखाली."

प्राचार्य हसले नाहीत. कुंताला जागा मिळाली.

मित्रांनो, इथे टाळ्या वाजवू नका. सोमाजी गावी परतला तेव्हा पाटीवर नवा मजकूर होता. 'पाठवलेले अर्ज तीन. निवड झाली तीन. यश शंभर टक्के.'

हेडमास्तरांच्या टेबलावर अजून सहा अर्ज होते. पोचूचा, इसरूचा, सुकरीचा, आणखी तिघांचा. शिवाय मागच्या चार वर्षांचे. त्यांच्या बापांचा गोटा तिथे नव्हता, म्हणून उचलून कुणी खाली बघितलं नाही. पोचू आता तेंदूपानाचे पुडे बांधतो. त्याला गणितात शंभरपैकी एक्क्याण्णव होते. मला माहीत आहे. मी त्याच्यावर बसलो होतो.

मी पुन्हा जाळ्यात आहे. हेडमास्तरांनी माझ्या जागी काचेचा पेपरवेट आणला, असं सोमाजी सांगतो. काचेचा बरा. त्यातून खालचं नाव मोठं दिसतं. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही टेबलावर असा एखादा पेपरवेट येईल. तेव्हा एवढंच करा. वाका, आणि नाव वाचा.