द्यायची साडी

मी एक जुनं पायपुसणं आहे. मित्रांनो, जरा थांबा, चपला काढून लगेच आत शिरू नका. आजवर माझ्यासारख्या कितीतरी जणींवर तुम्ही पाय घासले असतील, पण त्यातल्या एकीलाही कधी विचारलं नसेल की बाई, तू मूळची कोण? तुम्ही विचारलं नाहीत तरी आज मी सांगणार आहे. माझ्या पोटात बराच राग साठला आहे आणि तो साखर घालून सांगायची मला सवय नाही.

जन्माने मी साडी आहे, म्हणून बोलतेही बाईसारखीच. सुरतेच्या एका गिरणीत मी तयार झाले. रंग जांभळा, अंगभर पिवळी फुलं, आणि काठ म्हणायला नुसता छापलेला पट्टा. सूत काही फार चांगलं नव्हतं, पण नव्या साडीला एक तोरा असतो तो मलाही होता. कुणीतरी माझी घडी मोडावी, निऱ्या काढाव्यात, मला नेसून चारचौघांत मिरवावं, एवढीच माझी इच्छा होती. सांगलीच्या दुकानात आल्यावर पहिल्याच दिवशी ती मोडीत निघाली. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा, "ताई, नेसायच्या दाखवू का द्यायच्या?" नेसायच्या म्हटलं की काचेच्या कपाटाकडे हात जायचा. द्यायच्या म्हटलं की खालच्या फळीवरचा आमचा गठ्ठा धपकन पुढ्यात पडायचा.

ही गोष्ट तुमच्या सगळ्या घरांत ठाऊक असते आणि कुणी तोंडाने बोलत नाही. द्यायची साडी घेणारीलाही नेसायची नसते. तिला ती पुढच्या कार्यात दुसरीला द्यायची असते. मी मिरजेला डोहाळजेवणाला गेले, तिथून विश्रामबागेत वास्तुशांतीला, तिथून तासगावला बारशाला. दरवेळी कुंकू लावून मला हातात ठेवलं गेलं. "आवं, कशाला येवढं!" असं तोंडभरून म्हटलं गेलं. पाहुणी उंबऱ्याबाहेर पडली की चिमटीत धरून माझं कापड तपासलं गेलं, आणि मग कपाट. लोक याला काटकसर म्हणतात. आपल्या घरातली अडगळ दुसरीच्या ओटीत टाकायची, यात कसली आलीय काटकसर?

तासगावच्या त्या घरात दोन भाऊ होते. त्यांची बहीण राजेश्वरी पलूसला दिलेली. वडील गेल्यावर भावांनी तिला बोलावून घेतलं. रानावरचा, म्हणजे बापाच्या शेतीवरचा, हक्क सोडल्याची सही तिच्याकडून हवी होती. आमच्या भागात ही रीतच आहे. बहिणीने सही करायची, भावाने साडी-चोळी करायची, आणि माहेर टिकलं म्हणायचं. राजेश्वरीने मुकाट्याने सही केली. वहिनीने तिला कुंकू लावलं आणि मला तिच्या हातात ठेवलं.

राजेश्वरीला कापड कळतं. तिने मला बोटांनी चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला. तरी ती "छान हाय" म्हणाली. पलूसच्या एसटीत बसल्यावर तिने मला पिशवीतून काढून एकदा नीट पाहिलं आणि परत कोंबलं. बापाच्या रानाबदल्यात आपल्याला काय मिळालं हे तिला त्या एसटीतच कळलं होतं. घरी आल्यावर तिने मला पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्यांत टाकलं.

पुढे त्या घराचे दिवस फिरले. राजेश्वरीचा नवरा जयराज ज्या फाउंड्रीत होता ती बंद पडली. सासरे लालासाहेब अंथरुणाला खिळलेले, ऊस जेमतेम. मग राजेश्वरीने कंबर कसली. मला ती आवडत नाही, पण खोटं कशाला बोलू? बाईच्या हातात कला होती. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ती त्यांची बसकरं विणायची. लग्नपत्रिकांची पाकिटं, पोत्यांच्या पिशव्या, जुन्या साड्यांच्या वेण्या घालून पायपुसणी. बाजारात तिची पायपुसणी हातोहात जायची. बचत गटाने तिला हार घातला, कुणीतरी मोबाईलवर तिचं चित्रण केलं, आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून गावभर तिचं नाव झालं. स्वतः मात्र ती दंडाला ठिगळ लावलेलं झंपर घालून फिरायची. तिने पोरांच्या तोंडचा घास कधी कमी केला नाही, स्वतःचा केला.

पण कात्री एकदा हातात बसली की काय कापावं आणि काय नाही याचं भान सुटतं. ट्रंकेत माझ्याशेजारी तिच्या सासूचं लुगडं होतं. लाल काठाचं जुनं इरकल. सासू गेली त्या वर्षी राजेश्वरीने ते कापलं. अंगाचं कापड वाकळेला लावलं, काठ तेवढा चांगला म्हणून गुंडाळून परत ठेवला. थोड्याच दिवसांत तिची नणंद बनुबाई वाईकडून आली. जयराजची थोरली बहीण ती. म्हणाली, "मला बाकी काय नगं. आईचं लाल काठाचं लुगडं तेवढं दे. अंगावर घीन थंडीत." राजेश्वरी गडबडली. कापलं म्हणायला जीभ रेटेना. "आवं आक्का, उंदरानं खाल्लं वो ते," ती म्हणाली. बनुबाई ट्रंकेवर हात ठेवून उगी बसून राहिली. झाकणाखाली मी होते आणि काठही होता.

लालासाहेब गेले तेव्हा तीच रीत राजेश्वरीच्या घरात आली. जयराजला रानात कोंबड्यांची शेड घालायची होती. त्यासाठी रान त्याच्या एकट्याच्या नावावर हवं होतं, म्हणजे बनुबाईची सही हवी होती. बनुबाईने फोनवर आढेवेढे घेतले नाहीत. "करते की सही. भावापेक्षा रान मोठं हाय व्हय? मला एक साडी घाला म्हंजे झालं. तुमच्या हातची नेसून जाईन."

राजेश्वरीने ट्रंक उघडली आणि माझ्यावर हात ठेवला.

"ही?" जयराज म्हणाला. "ही तुझ्या भावांनी दिल्याली न्हवं? आक्काला असली कशी द्यायची?"

"मग दुकानातली आणा, आन् म्हैनाभर तेल-मीठ बंद करा," ती फणकारली. "मला न्हाई व्हय ह्येच मिळालं? मी काय मेले? हिलाच झ्याक काठ लावते. कुणाच्या बाला कळायचं न्हाई."

आणि तिने सासूच्या लुगड्याचा तो लाल काठ काढून माझ्या अंगाला शिवला. बारीक, दिसणार नाही अशा टाक्यांनी. काठात एके ठिकाणी पिवळ्या दोऱ्याचं रफू होतं. ते तिने आतल्या टोकाला घेतलं, जिथून साडी कमरेला खोचतात तिथे. बाहेरून बघणाऱ्याला ते दिसलं नसतं. इरकलीचे काठ काय, सगळे सारखेच, असा तिचा हिशेब. खोचणारीचं बोट आधी तिथेच जातं, हे तिच्या लक्षात आलं नाही. रोज साडी नेसणारी बाई, तरीही! दुसरीला साडी देताना ती नेसली जाईल असा विचारच तुमच्या घरांत कुणी करत नाही.

बनुबाई आली. तिला पाटावर बसवलं, जयराजने मला तिच्या हातात दिलं. माझा काठ बघून तिचे डोळे भरले. "किती भारीतली आणलीस रं! आत्ता नेसते," असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली. मित्रांनो, इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते त्या खोलीत झालं. माझी घडी मोडली. बनुबाईने मला झटकलं, अंगाला लावून पाहिलं, स्वतःशीच हसली, आणि टोक कमरेला खोचायला घेतलं. तिथे तिचं बोट थांबलं.

तिने टोक उजेडात धरलं. पिवळ्या रफूवरून अंगठा फिरवला. मग पूर्ण साडी नेसली. निऱ्या काढल्या, पदर घेतला, जराही घाई केली नाही. ती बाहेर आली तेव्हा सहीसाठी कचेरीत न्यायला बोलावलेली रिक्षा दारात उभी होती.

"राजेश्वरी," ती म्हणाली, "उंदरानं काठ बरा सोडला गं."

राजेश्वरी पांढरीफटक पडली. बनुबाईने खोचलेलं टोक ओढून सगळ्यांसमोर धरलं. "ह्यो पिवळा दोरा वळखतोस का रं जया? आईच्या मागं पळताना माझ्या पायाखाली काठ आला आन् टरकला. घरात लाल दोरा न्हवता, तर आईनं पिवळा घातला. माझ्या आईचं लुगडं कापलंसा, मला खोटं सांगितलंसा, आन् त्येच माझ्या अंगावर घालून माझीच सही घ्यायला निघालासा?"

"आक्का, आगं तंगीत चालल्यालं घर, तिचं चुकलं..." जयराज म्हणाला.

"तंगी मलाबी हाय. मी कुणाच्या आईला कात्री लावली न्हाई."

राजेश्वरीही गप्प बसणारी नव्हती. "लय झालं आक्का! लुगड्याला चाळीस साल झाल्याली, जीर्ण झाल्यालं. पोटाला न्हवतं तवा कापलं. तवा तुमी कुठं हुता?"

"मागाय आले हुते. ट्रंकंवर हात ठेवून बसले हुते," बनुबाई म्हणाली. "सही न्हाई. जावा."

मला नेसूनच ती घराबाहेर पडली. रिक्षात बसली नाही, चालत स्टँडवर गेली. वाईपर्यंत मी तिच्या अंगावर होते. तुम्हाला वाटेल, मी सुखी असेन. कसली सुखी? सबंध वाटेत तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तिचा हात काठावरच होता.

घरी पोचताच तिने ब्लेड घेऊन काठ उसवला आणि उशाखाली ठेवला. मग मला टरटर फाडून पट्ट्या केल्या, वेण्या घातल्या, गोल शिवल्या आणि दारात टाकलं. माझा तरी काय गुन्हा होता? पण रागावलेल्या माणसाला जे हाताशी सापडतं त्याचंच पायपुसणं होतं. तेव्हापासून मी इथे आहे. चिखल, शेण, पावसाळ्यात कुबट वास. मला महिनोन्‌महिने कुणी झटकत नाही.

गेल्या महिन्यात जयराज आला. खोक्यात नवी साडी होती, खऱ्या रेशमाची. राजेश्वरीने स्वतःच्या कानातले मोडून ती घेतली होती. तो माझ्यावर उभा राहिला. बनुबाईने त्याला आत ये म्हटलं नाही. चहाचा कप मात्र उंबऱ्यावर आणून दिला.

"नेस आक्का ही," तो म्हणाला, "आन् सोड आता राग. शेड अडून बसलीया."

"राग न्हाई," बनुबाई म्हणाली. "साडी राजेश्वरीला नेसव, तिच्या अंगावर धड कापड न्हाई. मला साडी नगं. माझी रानातली वाटणी दे."

"वाटणी?" जयराजच्या हातातला कप हिंदकळला. "आपल्यात कुण्या बहिणीनं मागितलीया?"

"म्हणून तर तुमची ट्रंक भरल्याली ऱ्हाती."

तो खोकं घेऊन गेला. भाऊ-बहिणीचं बोलणं त्या दिवसापासून बंद आहे.

आज सकाळी फोन वाजला. बनुबाईचे हात पिठात होते, म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला. पलीकडे राजेश्वरी होती. "आक्का..." एवढंच म्हणाली. बनुबाई खेकसली, "सहीचं इचारायला केला आसशील तर ठेव खाली."

"सहीचंच इचारते," राजेश्वरी म्हणाली. "तुमची न्हवं. माझी. तासगावात केल्याली... ती माघारी घ्याला येती का वो आक्का?"

पिठाचे हात तसेच धरून बनुबाई माझ्याजवळ उंबऱ्यात येऊन बसली. फोन चालूच होता. दोघींपैकी एकीनेही तो ठेवला नाही.

मित्रांनो, घरात तंगी असेल तेव्हा काटकसर जरूर करा. फाटक्याचं शिवा, टाकाऊचं टिकाऊ करा, आणि दारात पडलेलीला आठवड्यातून एकदा झटकून ऊन दाखवा. पण बहिणीला पाटावर बसवून तिच्या हातात साडी ठेवाल, तेव्हा आधी तिला विचारा की बाई, तुझं काय काय आमच्याकडे राहिलंय?