या कट्ट्यावर

बसायला जागा नाही, ही तक्रार आपल्या शहरांत नवी नाही. पण जागा आहे, ऐसपैस आहे, रिकामी आहे, आणि तरी एखाद्याने तिथे उभंच राहायचं, ही सोय मात्र आपण शिकल्यासवरल्या माणसांनी शोधून काढली. व्हाइटफील्डच्या ‘नंदनवन’ सोसायटीत एका शुक्रवारी दुपारी हेच झालं. आणि कुणाच्या बाबतीत, तर ज्या बाईने ती जागा स्वतःच्या हातांनी घडवली, तिच्याच!

ही बाई म्हणजे कस्तुरी. वय बावन्न, शिल्पकार. घराणं पाच पिढ्यांपासून बेंगळुरूचं, त्यामुळे तिच्या मराठीत ‘सरी’ आणि ‘स्वल्प’ हे कन्नड शब्द कायमचे मुक्कामाला आलेले. मल्लेश्वरमच्या घरामागे तिची भट्टी होती आणि दर रविवारी अंगणात मातीकामाचा वर्ग भरायचा. शाळेत आणि घरी शिकवण्यात पंचवीस वर्षं गेली. भर बाहेर, चारचौघांच्या वापरात येईल असं शिल्प मात्र तिला आजवर कुणी करू दिलं नव्हतं. एका बँकेने पूर्वी एक घेतलं होतं, ते आता पाण्याच्या यंत्रामागे उभं होतं.

म्हणून ‘नंदनवन’च्या मराठी मंडळाने जेव्हा सोसायटीच्या बागेत कट्टा बांधायला बोलावलं, तेव्हा ती हरखून गेली. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून तिने लोखंडी सांगाडा जोडून आणला. बसायची जागा लाटेसारखी वळत जाणारी, कुणीही कुणाकडे पाठ करू नये अशी. पाठीला लावायच्या फरशा तिने एकटीने केल्या नाहीत. सहा शनिवार क्लबहाउसमध्ये माती मांडली आणि येईल त्याला ओल्या फरशीवर पंजा उमटवायला लावला. रहिवासी आले, त्यांची मुलं आली, ड्रायव्हर आले, झाडूवाल्या आल्या. दोनशे अकरा पंजे झाले.

तर त्या शुक्रवारी ती सकाळपासून कट्ट्याच्या मागच्या बाजूने फरशांमधले सांधे भरत होती. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, कोपरापर्यंत पांढरा मसाला, केसांत धूळ. दोन वाजता तिने थापी खाली ठेवली, पुढे येऊन बसली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. तेवढ्यात शिट्टी वाजली.

“अक्का, एद्देळी!” नवा वॉचमन योगीराज धावत येत होता. उठा म्हणत होता.

“का रे बाबा?”

ती मराठी बोलते हे ऐकून तो वरमला. तो बीदरचा, त्याला मराठी चांगली यायची. “काम करणाऱ्यांनी इथं बसायचं नाही, अक्का. पाटी आहे बघा की.”

पायवाटेच्या बाजूला, कण्हेरीच्या आड, कालच रोवलेली एक चकचकीत पाटी होती. इंग्रजीत. केवळ रहिवाशांसाठी. घरकामगार, ड्रायव्हर आणि डिलिव्हरीवाल्यांनी येथे बसू नये. कस्तुरीने ती दोनदा वाचली. मग तिने सेक्रेटरीला फोन लावला.

सेक्रेटरी म्हणजे अद्वैत. मूळ पुण्याचा, आयटीतला, स्वभावाने वाईट नाही. उलट हा कट्टा त्याच्याच हट्टामुळे झालेला. वडील श्रीधरराव पुण्याहून राहायला आले आणि अकराव्या मजल्यावर खिडकीशी बसून बसून कोमेजले, म्हणून याने मंडळाच्या मागे लागून कट्टा मंजूर करून घेतला होता. तो लॅपटॉप बगलेत मारून खाली धावत आला.

“सॉरी, मॅडम, रिअली सॉरी! अहो, तो रूल तुमच्यासाठी नाहीये.”

“हौदा? असं होय? मग कुणासाठी?”

“म्हणजे... वर्कर्ससाठी.”

कस्तुरीने दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. मसाला नखांत शिरला होता, बोटांची टोकं फुटली होती. “मग हे हात कुणाचे?”

अद्वैत कसंनुसं हसला. मग त्याने सगळं सांगितलं. बुधवारी दुपारी घरकाम करणारी शिल्पाश्री कट्ट्यावर बसून डबा खात होती. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग हायजीन, सिक्युरिटी, ‘उद्या सगळेच बसतील’, असे दीडशे मेसेज आले. संध्याकाळी कमिटीची मीटिंग झाली आणि बहुमताने रूल पास झाला. शिल्पाश्रीचा गेटपास सोमवारपर्यंत ब्लॉक केला होता, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल.

“तुम्ही कुणाच्या बाजूने हात वर केलात?”

“मॅडम, मेजॉरिटी होती. परवा लोकार्पण आहे. प्लीज, आता इश्यू नको. स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!”

थोडं जमवून घ्या! बेंगळुरूत येऊन सहा वर्षांत अद्वैतने शिकलेलं हे एकमेव कन्नड वाक्य! कस्तुरीने मात्र ते आयुष्यभर ऐकलं होतं. शाळेने शिल्पकलेचा तास काढून गणिताला दिला, तेव्हा ऐकलं. बँकेने शिल्प पाण्याच्या यंत्रामागे सरकवलं, तेव्हाही ऐकलं. दर वेळी तिने मूग गिळले होते. तिने हत्यारं पिशवीत भरली आणि निघाली.

मागच्या गेटबाहेर फुटपाथवर शिल्पाश्री उभी होती. तिशीची बाई, ‘नंदनवन’मध्ये तीन घरी काम करायची. एकच्या सुमाराला दुसरं घर आटपायचं आणि तिसरं अडीचला उघडायचं. तो दीड तास ती रोज तळघरात, जनरेटरच्या शेजारी पायरीवर काढायची. कस्तुरीच्या शनिवारच्या वर्गाला ती न चुकता यायची. “तुझ्या नावातच शिल्प आहे गं,” म्हणून कस्तुरी तिला चिडवायची. कट्ट्यावर बसायच्या जागेला लागूनच तिचा पंजा बसवला होता. त्याच्यासमोर बसून ती बुधवारी जेवली होती.

“दोन दिवस झाले, अक्का,” ती कन्नडमध्ये म्हणाली. “एका घरी दुसरी बाई बघतायत म्हणे. सेक्रेटरींना भेटायचं होतं, पण गेटवर नाव लाल दाखवतंय. तुम्ही भांडू नका हं माझ्यासाठी. परवागिल्ला.”

असू दे म्हणत होती ती! तळपायाची आग कस्तुरीच्या मस्तकात गेली, पण हा राग शिल्पाश्रीवर नव्हता, स्वतःवर होता. आपण हिचा हात मातीत दाबून घेतला, तो भाजला, भिंतीला लावला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि हात चालतो, बाई चालत नाही? काम सोडून निघून जावं असं तिला क्षणभर वाटलं. पण निघून गेलं तर कट्टा तिथेच राहणार आणि पाटीही तिथेच राहणार. “रविवारी येते मी,” ती म्हणाली, “आणि अ‍ॅडजस्ट करणार नाही.”

रविवारी सकाळी बागेत सत्तर-ऐंशी माणसं जमली. खुर्च्या, माइक, इडली-चटणीचा दरवळ. कट्ट्याच्या दर्शनी भागात कस्तुरीने एका मोठ्या फरशीची जागा रिकामी ठेवली होती. त्या फरशीवर आज सर्वांसमोर ‘नंदनवन कट्टा’ आणि कमिटीची नावं कोरायची, मग दहा-बारा दिवस सावलीत वाळवून भाजायची, असा कार्यक्रम ठरला होता. टेबलावर ओली फरशी मांडून ठेवली होती, शेजारी कोरायची सळई. अद्वैतने प्रास्ताविक केलं आणि माइक कस्तुरीच्या हाती दिला.

“मंडळी,” ती म्हणाली, “तुम्ही कट्टा म्हणता, आम्ही इथे कट्टे म्हणतो. इथल्या गावागावात पिंपळाला कट्टे बांधलेला असतो, अरळी कट्टे. वाटसरू येतो, बसतो, घाम पुसतो. तू कोण, कुणाच्या घरचा, असं त्याला कुणी विचारत नाही. दोन भाषांनी एकच शब्द वाटून घेतलाय. मी तुम्हाला ती वस्तू बांधून दिली. तुम्ही तिच्यापुढे पाटी लावलीत. पण पाटी प्लॅस्टिकची आहे हो! दोन उन्हाळ्यांत अक्षरं उडतील. एवढा महत्त्वाचा नियम, तो टिकायला नको? म्हणून नावाऐवजी आज नियमच कोरू या. मी भाजून देते, शंभर वर्षं जाणार नाही. अद्वैत, या. इंग्रजीत नको, आपल्या मराठीत लिहा. आणि खाली सही करा.”

अद्वैतचा चेहरा खर्रकन उतरला.

“मॅडम, हे इथे नको...”

“इथेच. सगळ्यांसमोर.”

“हा काय तमाशा!” मागून कुणीतरी ओरडलं.

“तमाशा नाही,” कस्तुरीचा आवाज चढला. “नियम खरा असेल तर लिहायला दहा मिनिटं लागतील. खोटा असेल तर पाटी उपटायला एक मिनिट! यांतलं एक होईपर्यंत माझ्या कट्ट्याचं लोकार्पण होणार नाही.”

अद्वैतने सळई उचलली ती रागानेच. लिहून टाकू, एवढ्याने काय होतंय! पण मातीत घाईने लिहिता येत नाही. प्रत्येक रेघ ओढावी लागते, कड दाबावी लागते, सांडलेला चुरा फुंकावा लागतो. ‘या’ झाला. ‘कट्ट्यावर’ला चांगली तीन मिनिटं गेली. शेजारी श्रीधरराव चष्मा वर करून उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी पुण्यातल्या छापखान्यात खिळे जुळवले होते. मजकूर दिसला की वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

“या... कट्ट्यावर...” त्यांनी मोठ्याने वाचलं. “हं, पुढे? काय मजकूर आहे?”

अद्वैतची सळई तिथेच थांबली.

“लिही की. कामगारांनी बसू नये, असंच ना?” श्रीधरराव शांतपणे म्हणाले. “मग मीही आलो त्यात. हाताची शाई निघावी म्हणून रोज संध्याकाळी रॉकेलने धुवायचो मी, आठवतं? तसाच जाऊन बसायचो सायकलच्या दुकानापुढच्या कट्ट्यावर. पंक्चर काढणारा बसायचा, शाळेचे हेडमास्तर बसायचे. कुणी सरकलं नाही रे माझ्यापासून लांब. आणि इथे तर मी रहिवासीसुद्धा नाही. गेटवरच्या त्या मशीनमध्ये मी पाहुणा आहे. माझंही नाव घाल त्यात!”

“बाबा, प्लीज...”

“त्या बुधवारी मी कुठे होतो, विचारलंस का? तिच्या शेजारी बसलो होतो. तिने मला डब्यातलं लोणचं दिलं. फोटो काढणाऱ्याने मला तेवढं बाहेर ठेवलं.”

अद्वैत खाली बघत राहिला. दोन शब्द मातीत उमटले होते, त्याच्याच अक्षरात. लहानपणी बाबांनी पाटीवर बोट धरून गिरवून घेतलेलं अक्षर. पुढचा शब्द त्याला ठाऊक होता. बुधवारी मीटिंगमध्ये हात वर करताना काहीच जड गेलं नव्हतं, कारण तिथे सगळ्यांचेच हात वर होते. इथे एकच हात होता आणि तो पुढे सरकत नव्हता. छे! हे आपल्याच्याने लिहवणार नाही!

त्याने मान वर करून कस्तुरीकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. “चुकलं माझं, ताई,” तो माइक नसतानाही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग तो पुन्हा वाकला आणि एकच शब्द लिहिला. बसा. काना थोडा वाकडा गेला, तो त्याने तसाच ठेवला.

त्यानंतर त्याने स्वतः जाऊन पाटीला हात घातला. ती एका हिसक्यात येईना, तेव्हा योगीराज न सांगता मदतीला धावला. सगळे काही विरघळले नाहीत हं! दोघांनी ग्रुप सोडला, एक गृहस्थ इडली न खाता निघून गेले. पण त्या रात्रीच्या मीटिंगमध्ये अद्वैतने उभं राहून रूल मागे घेतला, आणि या वेळी पुरेसे हात वर झाले. शिल्पाश्रीच्या नावावरचा लाल रंग तर त्याने सकाळीच काढला होता. जे घर दुसरी बाई बघत होतं, तिथे तो स्वतः जाऊन बोलला.

तीन आठवड्यांनी भाजलेली फरशी बसवायला कस्तुरी आली. मसाला लावून तिने फरशी शिल्पाश्रीच्या हाती दिली. “दाब. जोरात. दोन्ही हातांनी.” ‘या कट्ट्यावर बसा’ ही अक्षरं जागेवर घट्ट बसली.

दुपारची वेळ. श्रीधरराव कट्ट्यावर पेपर पसरून अर्धी जागा अडवून बसले होते. शिल्पाश्रीने हात धुतले, डबा काढला आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

“अज्जा,” ती म्हणाली, “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी!”

म्हातारा हसत सरकला, पेपर गोळा केला. कस्तुरी मोठ्याने हसली. आयुष्यभर जे वाक्य ऐकून तिने मान खाली घातली होती, त्याचा खरा उपयोग तिला आज दिसला. एकाने गप्प बसून सोसायचं, यासाठी ते वाक्य नाहीच. दुसऱ्याला बसता यावं म्हणून जो बसलाय त्याने सरकायचं, त्यासाठी ते आहे.

मंडळी, आपणही आपापल्या सोसायट्यांत, कचेऱ्यांत नियम करतो, हात वर करतो आणि छापील पाट्या लावतो. एकदा तो नियम आपल्या भाषेत, आपल्या अक्षरात, ज्याच्यासाठी तो केलाय त्याच्यासमोर लिहून पाहावा आणि खाली सही करावी. हात थांबला, तर चूक हाताची नाही, नियमाची आहे. तो तिथल्या तिथे मोडावा, आणि थोडं सरकून बसावं.